माणसं अडवण्याचाही एक बाजार असतो

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. हरियाणा, गुजरात, पंजाबचे जास्त होते. महाराष्ट्रातले तिघं. तेव्हापासून आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींची होते. एक, बेड्या घालून आणलं त्याची. दोन, 'डंकी' मार्गाने पाठवणाऱ्या एजंटांची. दोन्ही चर्चा गरजेच्याच आहेत. पण तिसरी बाजू कुणी काढत नाही. माणसं पलीकडे पोचवण्याचा जसा धंदा आहे, तसा त्यांना वाटेत अडवण्याचाही आहे. त्यात सरकारं आहेत, लष्कर आहे, टोळ्या आहेत. आणि पुष्कळदा दोन्ही धंद्यांतली माणसं तीच असतात.

हे नीट समजायचं असेल तर आफ्रिकेतल्या नायजर देशाकडे बघा. तिथल्या आगादेझ शहराची गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

आगादेझ म्हणजे सहारा वाळवंटाचं दार. एकेकाळी तिथे युरोपचे पर्यटक यायचे. नव्वदच्या दशकात आणि पुन्हा २००७ ते २००९ मध्ये तुआरेग समाजाची बंडं झाली आणि पर्यटन बसलं. बंडखोरांनी शस्त्रं ठेवली, पण त्यांच्या हाताला काम काय? वाळवंट पाठ होतं, गाड्या चालवता येत होत्या. २०११ ला लिबियात गद्दाफी पडला, उत्तरेचा रस्ता मोकळा झाला. टोयोटाच्या पिकअपमध्ये मागे पंचवीस-तीस माणसं बसवून लिबियाकडे नेणं हा शहराचा मुख्य व्यवसाय झाला. दर सोमवारी गाड्यांचा ताफा निघायचा, आणि तोही लष्कराच्या सोबतीने. चोरीछुपे काही नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेत मुक्त संचाराचा करार १९७९ पासून आहे. म्हणजे सेनेगलचा किंवा घानाचा माणूस आगादेझपर्यंत कायदेशीरच येत होता.

आणि कमाई एकट्या ड्रायव्हरची नव्हती. खोली देणारा, पाण्याचे कॅन विकणारा, मोबाईल रिचार्जवाला, हवालदार, खानावळवाली बाई, जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, सगळ्यांची चूल त्यावर पेटत होती. नाक्यावर पोलीस हात पुढे करायचे, ते वेगळंच.

मग २०१५ आलं. युरोपात लाखो निर्वासित पोचले, तिथलं राजकारण ढवळून निघालं. मे २०१५ मध्ये नायजरने माणसांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्ध कायदा केला. त्याच नोव्हेंबरात माल्टातल्या व्हॅलेटा शहरात युरोपने आफ्रिकेसाठी खास निधी जाहीर केला. पुढे तो पाच अब्ज युरोंच्या घरात गेला. २०१६ च्या मध्यापासून आगादेझमध्ये धरपकड सुरू झाली. ड्रायव्हर आत गेले, गाड्या जप्त होऊन लष्करी तळावर वाळूत उभ्या राहिल्या.

आकडे एकदम सुंदर दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेच्या नोंदीत २०१६ साली नायजरमधून उत्तरेकडे तीन लाख तीस हजारांहून जास्त माणसं गेली होती. पुढच्या वर्षी हा आकडा सत्तर हजारांच्या आसपास आला. ब्रसेल्समध्ये समाधानाचा सुस्कारा.

आता पत्रकार म्हणून माझा पहिला प्रश्न: मोजलं कुठे? मोजणी ठरलेल्या नाक्यांवर होत होती. आणि ड्रायव्हर आता नेमके तेच नाके चुकवत होते. विहिरी सोडून, मळलेली वाट सोडून, लांबून आणि रात्री. प्रवास खरोखर कमी झाला, यात शंका नाही. पण किती कमी झाला आणि किती नुसता दिसेनासा झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. भाडं मात्र कित्येक पटींनी वाढलं. गाडी बिघडली की पूर्वी ताफ्यातली दुसरी थांबायची. आता मागून कुणीच येत नव्हतं. २०१७ च्या मे अखेरीस अशाच एका बिघडलेल्या ट्रकमधली चव्वेचाळीस माणसं तहानेने मेली. त्यात लहान मुलं होती.

आपल्या तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. वाळू उपशावर बंदी आली की नदीतला ट्रॅक्टर थांबत नाही. तो रात्री दोनला निघतो, ब्रासचा भाव वाढतो आणि वाटेकरीही वाढतात. साधा ट्रॅक्टरवाला बाजूला होतो. ज्याच्यामागे माणसं आहेत, ज्याची वर ओळख आहे, तो टिकतो. आगादेझमध्येही हेच झालं. भित्रे, भले बाहेर पडले. निगरगट्ट राहिले.

बरं, धंदा सोडणाऱ्यांना पर्याय देऊ, असं आश्वासन होतं. दुकान टाका, शेळ्या घ्या, छोटं काहीतरी करा. हजारोंनी अर्ज केले. मदत पोचली काही शेकड्यांपर्यंत. अनुदानाचा अर्ज आणि अनुदान यांच्यातलं अंतर आपल्याला चांगलं माहीत आहे.

शेवट काय झाला? २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये लष्कराने उठाव केला. पदच्युत झालेले अध्यक्ष मोहम्मद बाझूम हे २०१६ मध्ये गृहमंत्री होते, म्हणजे कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याच काळातली. उठाव या कायद्यामुळे झाला असं मी म्हणत नाही, कारणं इतर बरीच होती. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्करी राजवटीने हा कायदा रद्द केला, तेव्हा आगादेझमध्ये आनंद झाला. बाहेरच्या पैशाने आणलेला कायदा तिथल्या जनतेचा कधी झालाच नव्हता. तो मोडणं हे लोकप्रिय होण्याचं सगळ्यात स्वस्त साधन ठरलं.

नायजरमध्ये निदान एक सरकार तरी होतं. लिबियात तेही धड नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी करार केला: तुमच्या तटरक्षक दलाला बोटी आणि प्रशिक्षण देतो, माणसं समुद्रातच अडवा. हे तटरक्षक कोण? जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने माणसांच्या तस्करीबद्दल सहा जणांवर निर्बंध घातले. त्यातला एक, अब्द अल-रहमान मिलाद ऊर्फ 'बिजा', हा झाविया शहराच्या तटरक्षक दलाचा प्रमुख होता. त्याच्या आदल्याच वर्षी तो लिबियाच्या शिष्टमंडळातून इटलीतल्या अधिकृत बैठकीला जाऊन आला होता. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने नोंदवलं की स्थलांतरितांना कोंडणं, राबवणं, घरच्यांकडून खंडणी उकळणं यातून टोळ्यांना आणि सरकारी यंत्रणांनाही मोठं उत्पन्न मिळतं. म्हणजे एकाच माणसावर तीनदा कमाई. समुद्रात सोडताना, पकडताना आणि कोठडीतून सोडवताना.

सुदानचं उदाहरण तर अंगावर येतं. दार्फूरमधल्या अत्याचारांनी बदनाम झालेल्या जंजावीद टोळ्यांतूनच तिथलं 'आरएसएफ' हे निमलष्करी दल उभं राहिलं. २०१६ च्या सुमारास त्यांना सीमेवर स्थलांतरितांना पकडायचं काम मिळालं, आणि त्यांचा म्होरक्या हमेदती उघड म्हणू लागला की आम्ही हे युरोपसाठी करतोय. युरोपीय संघाने आम्ही आरएसएफला पैसा दिलेला नाही असं वारंवार सांगितलं. ते मान्य करू. पण पैसा न देताही प्रतिष्ठा देता येते. एप्रिल २०२३ पासून हेच दल सुदानच्या लष्कराशी लढतंय, आणि त्या युद्धाने एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडायला लावलं. माणसांचे लोंढे थांबवण्याच्या नावाने वजनदार झालेल्यांनीच केवढा मोठा लोंढा तयार केला, बघा.

मग काय सीमा उघड्या टाकायच्या? असं मी म्हणत नाही. कोण आत येणार हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. तस्करही काही संत नाहीत, वाळवंटात माणसं टाकून पळालेले ड्रायव्हर आहेतच. माझं म्हणणं एवढंच की 'लोक का जातात' यावर अहवालांचे गठ्ठे निघतात, आणि 'अडवण्याच्या पैशाचं काय झालं' यावर त्या मानाने फार थोडं. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर गरिबी, बेकारी, दुष्काळ असं देता येतं, त्यात कुणी दुखावत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात नावं येतात. शिवाय अभ्यासाचा पैसा बहुतेक वेळा अडवणारेच देतात. त्यांना वाटांचे नकाशे हवे असतात, वाटेकऱ्यांचे नकोत. आणि ज्या ड्रायव्हरने, ज्या खानावळवालीने विश्वासाने वाट सांगितली, तिची माहिती उद्या धाडीसाठी वापरली जाणार असेल, तर तो अभ्यास नव्हे, खबरेगिरी झाली.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर एक जवळचा आकडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने भारत आणि आफ्रिकी देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर करासह ११३० डॉलर विमानतळ शुल्क लावलं. अमेरिकेकडे जाणारी माणसं याच वाटेने जातात म्हणून. त्याच डिसेंबरात निकाराग्वाकडे निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान फ्रान्सने थांबवलं आणि २७६ जण मुंबईला परत आले. त्यात बहुतेक भारतीयच होते. शुल्क लागलं म्हणून ओढ संपली नाही. वाट बदलली आणि खर्च वाढला. तो खर्च भरला कुणी? ज्या घराने शेत विकलं त्याने.

म्हणून पुढच्या वेळी 'बेकायदा स्थलांतरात इतक्या टक्क्यांची घट' अशी बातमी आली, तर आम्हा पत्रकारांनी आणि तुम्हा वाचकांनी चार प्रश्न विचारायला हवेत. मोजलं कुठे? भाडं किती वाढलं? वाटेत मेले किती? आणि अडवायचा पैसा, गाड्या, बंदुका कुणाच्या हातात गेल्या? या चारांची उत्तरं नसतील तर ती घट फक्त कागदावरची समजा.