इंजिन उतरवूनच रंगवा

मुंबईची शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. आता उरल्यात त्या हौशी मालकांनी जपलेल्या. त्यांना कळकळीचं सांगणं एकच: बॉनेटखालची जागा रंगवायची तर इंजिन आधी उतरवा. ते जागेवर ठेवून, आजूबाजूला कागद चिकटवून फवारा मारणं म्हणजे गंजावर पांघरूण घालणं. १०८९ सीसीचं ते इंजिन चेनपुलीला टांगण्याआधी रेडिएटर रिकामा करा, गिअरबॉक्सला खालून टेकू द्या आणि सुटणाऱ्या प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा (याचा कंटाळा अजिबात नको). मग गाडीचं खरं दुखणं दिसतं. बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिड झिरपून पत्र्याचे करंजीसारखे पापुद्रे सुटलेले असतात. स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. तिथे पुट्टी थापणारा कारागीर माझ्या मते कारागीरच नव्हे. सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, तेलाचा चिकटा थिनरने पुसायचा, घासायचं, प्रायमर द्यायचा आणि मगच रंग, तोही कारखान्याने दिला होता तोच. चासी नंबर मात्र आधी नीट झाकून घ्या. तो रंगाखाली बुजला, तर आरटीओत खेटे घालावे लागतील.