पाहून कवायत येत नाही
मैदानाच्या कडेला बसून कोणाला कवायत आली आहे का? मग व्हिडिओ नुसते पाहून गणित कसे येईल? एनडीएच्या गणिताच्या पेपरात १५० मिनिटांत १२० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. तिथे व्हिडिओतल्या सरांचा नव्हे, आपला हात चालावा लागतो.

म्हणून व्हिडिओ निवडताना माझी कसोटी एकच: त्यात आपल्याला सोडवायला काही दिले आहे का? खान अकॅडमीवर धड्यांसोबत सरावाचे प्रश्न असतात. भौतिकशास्त्रात उतारावरचा ठोकळा आला, की व्हिडिओ थांबवून बलांची आकृती आधी स्वतः काढावी.

शिक्षकांना विनंती, संगणक कक्षात वही सक्तीची करावी. आणि पालकांनी सुट्टीत ‘किती व्हिडिओ पाहिलेस?’ याऐवजी ‘किती गणिते सोडवलीस?’ असे विचारावे.