वाड्याचे लाकूड : आधी वापर, मग शोभा

जुन्या नाशकातले वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. मालक आणि भाडेकरू यांचे वाद वर्षानुवर्षे रेंगाळतात, वारस वाढतात, दुरुस्ती कोणी करायची हे ठरत नाही. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीचे पाणी सराफ बाजाराच्या परिसरात शिरले. अशा ओलीने पायाजवळचे लाकूड आणि मातीच्या भिंती आणखी खचतात. अखेर वाडा पडतो किंवा पाडला जातो. माती-विटा डंपरमधून जातात आणि सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे पोहोचते. या सागवानाला हल्ली नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. हॉटेले, रिसॉर्ट आणि सजवलेले फ्लॅट यांच्या भिंतींवर जुन्या फळ्यांचे फलक, नक्षीच्या तुकड्यांच्या चौकटी, खडबडीत पोताची चित्रे दिसू लागली आहेत. लाकूड चुलीत जाण्यापेक्षा भिंतीवर गेले, हे चांगलेच. पण या वापराला एक क्रम हवा. जो भाग अजून भार पेलू शकतो, तो आधी इमारतीत परत जावा आणि भिंतीवरच्या शोभेसाठी उरलेले, मोडलेले लाकूड घ्यावे. आज हा क्रम पाळला जाईल अशी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही.

हे लाकूड इतके मोलाचे का, ते आधी पाहू. नैसर्गिक जंगलातला साग सावकाश वाढतो. त्याच्या गाभ्यात तेलाचा अंश असतो, म्हणून वाळवी आणि ओल यांना तो दीर्घकाळ तोंड देतो. लागवडीतला साग वीस-पंचवीस वर्षांत तोडला की त्यात पक्क्या गाभ्याचे प्रमाण कमी आणि बाहेरच्या कच्च्या लाकडाचे जास्त असते. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर जुन्या प्रतीचे सागवान आणखी दुर्मीळ झाले. शिवाय वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. ते टिकले तर तो कार्बन लाकडातच राहतो, जळले तर धूर होऊन हवेत जातो. मुंबईतल्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे आणि भंगाराचे लाकूड वर्षानुवर्षे जळत आले. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाला या धुराची दखल घ्यावी लागली. तेव्हा जुने लाकूड वाचवण्याचा विचार हा केवळ हौसेचा विषय नाही.

मात्र वाचवले म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. वाड्याचे लाकूड म्हणजे सुट्या फळ्यांचा ढीग नव्हे. सुरूदार खांब, त्यावरचे तुळईला आधार देणारे हस्त, तुळया, कडीपाट, महिरपी, गणेशपट्टी आणि दिंडी दरवाजा या सगळ्यांचा एकमेकांशी मापाचा संबंध असतो. हस्ताचे उभे काप काढून चौकटीत बसवले की त्याची ताकद जाते आणि तो कोणत्या खांबावर, कोणत्या तुळईखाली होता, हा पुरावाही जातो. शनिवारवाड्याचे लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेले. तट, दरवाजे आणि जोती उरली. महालांचे रूप आज वर्णनांवरून आणि चित्रांवरून कल्पावे लागते. उलट कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग दिनकर केळकरांनी एकत्र राखले, म्हणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात तो महाल पुन्हा उभा राहू शकला. नाशिक जिल्ह्यात चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि शहरातला सरकारवाडा राज्य संरक्षित आहेत, म्हणून तिथली सुतारी जागेवर पाहता येते. गल्लीबोळातल्या साध्या वाड्यांना असे छत्र नाही आणि शहरातली बहुतेक सुतारी तर त्याच वाड्यांत आहे.

भिंतीवरच्या कलेला लागणारा माल याहून वेगळा असतो आणि तो भरपूर आहे. वाळवीने अर्धवट खाल्लेली कडी, चिरलेली फळी, ओलीने कुजलेल्या खांबाचे वरचे शाबूत टोक यांना इमारतीत जागा नाही, पण पोत आणि रंग त्यांच्यातच सर्वांत खुलतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांत येणारी यंत्रांची खोकी आणि मालवाहतुकीचे पॅलेट यांचे लाकूडही याच कामाचे आहे. त्यासाठी दोन पथ्ये पाळावीत. पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी झालेली असते, ते घरात आणू नये. दुसरे, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ च्या अखेरीस. त्यामुळे वाड्याच्या दारांवरचा रंग लहान मुलांच्या आसपास कोरडा घासणे धोक्याचे आहे.

यावर पहिला आक्षेप मालकांचा असेल. वाडा आमचा, लाकूड आमचे, आम्ही कोणालाही विकू. हा हक्क मान्यच आहे. पण १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्याच्या व्याख्येत, किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली आणि इमारतीपासून सुटी झालेली वस्तूही पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी निर्यातीला बंदी आहे. म्हणजे अशा लाकडात समाजाचाही काही वाटा आहे, हे तत्त्व कायद्याने केव्हाच स्वीकारले आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : क्रम वगैरे लावत बसलात तर विक्रीला उशीर होईल, खर्च वाढेल आणि लाकूड पुन्हा चुलीतच जाईल. धोकादायक वाडा मोजमापासाठी महिनोन्‌महिने उभा ठेवणे माणसांच्या जिवाशी खेळणे ठरेल, हेही खरे. म्हणून मागणी छोटी हवी. छायाचित्रे, मुख्य भागांची मापे आणि प्रत्येक भागावर क्रमांक, इतके काम वाडा उतरवण्याच्या तयारीतच होऊ शकते. नोंद असलेल्या खांबाला, चौकटीला नवे घर किंवा देऊळ बांधणारे गिऱ्हाईक अधिक भाव देईल, कारण त्याला माप आणि मूळ दोन्ही कळते. त्यात मालकाचाही फायदा आहे.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ पासून १९१६ किंवा त्याआधीची घरे यंत्राने न पाडता हाताने सुटी करून उतरवण्याचा नियम केला, तो याच विचारातून. आपल्या २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांतही मोठ्या प्रमाणावर राडारोडा निर्माण करणाऱ्यांना लाकूड वेगळे काढण्यास सांगितले होते. साधा वाडा बहुधा अशा मोठ्या प्रमाणात मोडणार नाही. म्हणून नाशिक महापालिकेने स्वतःच्या पाडकाम परवानगीत लाकूड वेगळे काढण्याची आणि त्याच्या नोंदीची अट घालावी आणि सुट्या भागांसाठी एक आगार उघडावे. नोंदीचे काम शहरातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांवर सोपवता येईल. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत गावठाणातली पाडकामे वाढण्याची शक्यता आहे, म्हणून निर्णय आत्ताच हवा. तोवर कलाकारांनी अखंड हस्त, महिरप किंवा गणेशपट्टी करवतीखाली घालू नये. गिऱ्हाइकांनीही भित्तिफलक विकत घेताना लाकूड कोणत्या वाड्यातले आणि कोणत्या भागाचे, हे विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तो फलक घेऊ नये.