तक्त्यावरच्या तीन बातम्या

माझ्या वर्गात फळ्याशेजारी पुठ्ठ्याचा एक तक्ता टांगलेला आहे. जगभरातल्या बातम्या आणि नवलाच्या गोष्टी मुलं त्यावर लावतात आणि आम्ही त्या मोठ्याने वाचतो. त्यातल्या तीन माझ्या मनातून जात नाहीत.

पहिली अकोला जिल्ह्यातल्या पातूरची. नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दूतही नाव होतं. ते नको म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू नावाला हरकत नसल्याचा निकाल दिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच भूमीत जन्मली, हेही निकालात सांगितलं.

दुसरी बानू मुश्ताक यांची. मुस्लिम बायकांची दुःखं त्यांनी कन्नडमध्ये लिहिली. दीपा भास्ती यांनी त्या कथा इंग्रजीत नेल्या आणि मे २०२५ मध्ये 'हार्ट लॅम्प'ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. बानूंना आठव्या वर्षी शिवमोग्ग्याच्या कन्नड शाळेत घातलं, तेव्हा अट होती की सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. त्यांनी ते काही दिवसांतच करून दाखवलं.

तिसरी माल्टाची. भूमध्य समुद्रातला हा चिमुकला देश बहुतांशी कॅथलिक. पण माल्टी भाषा अरबीतून आलेली, लिपी मात्र रोमन. तिथले ख्रिस्ती लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाला 'रान्दान'! हे ऐकून वर्ग हसला. मग एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे शब्दांचा मजहब नसतो."

त्याला कळलं ते मोठ्यांना का कळत नाही? सरकारी कचेरीत मी बोलायला लागलो की समोरचा कौतुकाने म्हणतो, "तुमचं मराठी छान आहे हो!" माझ्याच भाषेत मला पाहुणा ठरवणारं हे कौतुक टोचतं. पण आपल्या घरातही सगळं आलबेल नाही. पालक मला सांगतात, "सर, मराठी पास होण्यापुरती आली तरी बस्स." मग तोच मुलगा मोठा होऊन तहसीलमध्ये अर्ज लिहायला दुसऱ्याला पैसे देतो. आणि उर्दू? तीही आता अनेक घरांत लग्नपत्रिकेपुरतीच उरली आहे.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथ लिहिले. सेतुमाधवराव पगडींनी मराठी वाचकाला गालिब समजावून सांगितला. या दोघांनी परवानगी कुणाची मागितली होती?

माझी विनंती साधी आहे. घरात एक मराठी आणि एक उर्दू वर्तमानपत्र येऊ द्या. रोज एक बातमी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, आज या भाषेतली, उद्या त्या भाषेतली. पाटीवरची उर्दू न्यायालयाने राखली. मुलांच्या जिभेवरच्या दोन्ही भाषा आपल्यालाच राखायच्या आहेत.