रयतेचा पैसा आणि विद्यापीठाचे दार

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील एक मुख्य तक्रार पैशासंबंधीची होती. सरकारी महसुलाचा फार मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च करा, हा त्यांचा आग्रह होता. फुल्यांना उच्च शिक्षणाचे वावडे होते, असा अर्थ यातून काढण्याची एक सोयीस्कर पद्धत आहे. परंतु त्याच निवेदनात खाजगीरीत्या अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला बसू देते याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आहे, आणि वरच्या परीक्षांनाही तशी मुभा मिळावी अशी अपेक्षा नोंदविली आहे. पैसा ज्याचा, त्याच्या मुलाला दार उघडे असावे, एवढे साधे ते गाऱ्हाणे होते. भारतातील विद्यापीठांचा इतिहास या गाऱ्हाण्याच्या उजेडात वाचला, तर आज चाललेल्या खाजगीकरणाचा खरा अर्थ ध्यानात येतो.

1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविणे हे त्यांचे काम नव्हते. परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी आणि राज्यकारभाराला लागणारी माणसे पुरवावी, इतकेच. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि 1878 साली पूर्ण झाला. प्रेमचंदांची दौलत कापसाच्या व्यापारातली, आणि तो कापूस पिकविला होता पश्चिम व मध्य भारतातील शेतकऱ्यांनी. फुल्यांचे म्हणणे त्या मनोऱ्याच्या दगडांतही वाचता येते.

सरकारी चाकोरीबाहेर शिक्षण उभे करण्याचे प्रयत्न पुढच्या पिढीने केले. महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, त्याला सरकारची कायदेशीर मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. असहकाराच्या लाटेत 1920-21 च्या सुमारास गुजरात विद्यापीठ, जामिया मिल्लिया, काशी विद्यापीठ, पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ या संस्था निघाल्या. काशी विद्यापीठात आचार्य नरेंद्र देव यांनी कित्येक वर्षे अध्यापन केले आणि समाजवादी चळवळीची एक पिढी त्या परिसरात घडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. कायद्याच्या भाषेत या साऱ्या संस्था खाजगीच. पण त्यांच्यात कुणाची मालकी नव्हती आणि कुणाचा नफा नव्हता. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुलाकडून श्रम घेतले जात, ते त्याला शिकता यावे म्हणून. आजचे शिक्षणसम्राट जेव्हा कर्मवीरांच्या तसबिरीला हार घालून स्वतःच्या व्यवसायाला त्यांचे नाव जोडतात, तेव्हा ‘खाजगी’ या एकाच शब्दाखाली दोन परस्परविरोधी गोष्टी लपविल्या जातात.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात सुमारे वीस विद्यापीठे होती. 1948 चा राधाकृष्णन आयोग, 1956 चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा आणि 1964-66 चा कोठारी आयोग यांनी सार्वजनिक विद्यापीठांची चौकट उभी केली. महाराष्ट्रात नागपूर विद्यापीठ 1923 पासून होते. पुणे 1949 साली, मराठवाडा 1958 साली, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 साली आले. पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर आणि 2011 साली गडचिरोलीचे गोंडवाना. विद्यापीठ जिल्ह्याच्या जवळ आले म्हणजे पहिल्यांदा पदवी घेणारी मुलगी घरून एस.टी.ने जाऊन परत येऊ शकते. हा लाभ लहान नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 च्या ठरावापासून 1994 पर्यंत सोळा वर्षे लढावे लागले, दलित वस्त्या जळाल्या, माणसे मेली. विद्यापीठ हे पदव्यांचे कार्यालय असते तर त्याच्या पाटीवरील नावासाठी एवढे रक्त सांडले नसते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले गेले त्यांना ते आपले वाटू लागले होते, आणि नेमके तेच इतरांना खुपत होते.

याच सुमारास दुसरीकडे राज्यकर्त्यांची दिशा बदलली. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. ग्रामीण भागातील मुलांना तंत्रशिक्षण मिळावे, परराज्यात जाणारा पैसा इथेच राहावा, अशी तेव्हा कारणे देण्यात आली. मुलांची गरज खरी होती, हे मान्य करावे लागेल. पण ती भागविण्याचे काम ज्यांच्या हाती दिले गेले, ते बहुतेक साखर कारखाने, सहकारी बँका आणि विधिमंडळ यांच्यातून आलेले सत्ताधारी होते. देणगीच्या नावाखाली होणारी लूट इतकी उघड झाली की 1987 साली कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणारा कायदा त्याच राज्याला करावा लागला. कायदा झाला; पावती बदलली.

न्यायालयांची वाटचालही सरळ नाही. 1992 साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन शुल्क घटनाबाह्य ठरविले. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत जागा आणि पैसे भरून मिळणाऱ्या जागा अशी विभागणी केली. 2002 साली टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना मोडीत काढली. संस्था चालविणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला आणि नफेखोरी नको पण वाजवी शिल्लक चालेल असे म्हटले. नफेखोरी कुठे संपते आणि वाजवी शिल्लक कुठे सुरू होते, हे फी भरणाऱ्या बापाला कुणी सांगितलेले नाही.

त्याच 2002 साली छत्तीसगडने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि वर्षभराच्या आसपास शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर जन्माला आली. इमारत नाही, ग्रंथालय नाही, प्राध्यापक नाहीत. काहींचा पत्ता एखाद्या खोलीचा. शास्त्रज्ञ प्रा. यश पाल न्यायालयात गेले नसते तर त्यांच्या पदव्या देशभर विकल्या गेल्या असत्या. फेब्रुवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ तरतुदी रद्द केल्या. यातून राज्यांनी धडा घेतला तो असा की पुढील विद्यापीठे अधिक काळजीपूर्वक मसुदे करून स्थापावीत. महाराष्ट्रात 2014 पासून एकेका खाजगी विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदे झाले आणि 2023 साली सर्वांसाठी एकच अधिनियम आला.

केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे देशात 1,168 विद्यापीठे होती. त्यांपैकी 685 सरकारी आणि 473 विनाअनुदानित खाजगी. आकडा येथेच सोडला तर खाजगी क्षेत्राने देशाचा भार उचलला असे वाटेल, आणि तसेच भासविले जाते. पण विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपैकी सुमारे 74 टक्के सरकारी विद्यापीठांतच होते. गर्दी सार्वजनिक विद्यापीठांनी सांभाळावी आणि फी देऊ शकणारा वर्ग खाजगी विद्यापीठांनी निवडून घ्यावा, अशी ही वाटणी आहे. महाविद्यालयांत मात्र तीही राहिलेली नाही. तेथे सुमारे दोनतृतीयांश संस्था विनाअनुदानित खाजगी आहेत.

सरकारजवळ पैसा नाही, हे यावरचे ठरलेले उत्तर. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा ही कोठारी आयोगाची शिफारस. 2020 च्या शिक्षण धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहिला आहे. अर्धशतकाहून अधिक काळ एकच वचन पुन्हा पुन्हा देता येते, याचा अर्थ ते पाळले गेलेले नाही. 2017 साली केंद्राने उच्च शिक्षणासाठी वित्तसाहाय्य देणारी स्वतंत्र कंपनी काढली. ती संस्थांना इमारती आणि प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देते. कर्ज फेडायचे तर उत्पन्न हवे, आणि विद्यापीठाच्या हाती असलेले उत्पन्न म्हणजे फी.

सामाजिक न्यायाची बाजू याहून कठीण आहे. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने विनाअनुदानित खाजगी संस्थांतही राखीव जागा ठेवण्याचा अधिकार राज्यसंस्थेला दिला. 2006 साली संसदेने कायदा केला तो केंद्रीय संस्थांपुरता. महाराष्ट्र सरकारने 2024 च्या जुलैमध्ये आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली, हे स्वागतार्ह होते. मात्र खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळण्यात आली. म्हणजे विस्तार ज्या बाजूला होतो आहे, सवलत तिथे पोहोचत नाही.

यात सार्वजनिक विद्यापीठांचे समर्थन डोळे मिटून करता येणार नाही. रखडणारे निकाल, गटबाजीने पोखरलेल्या अधिसभा, वर्षानुवर्षे न भरलेली पदे आणि तासिका तत्त्वावर राबविले जाणारे, सुट्टीत वेतन नसलेले पदवीधर अध्यापक हे सारे विद्यार्थ्याला खाजगी दाराकडे ढकलते. पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींनीही आपापल्या संस्थांत अनुदानित वर्गांशेजारी विनाअनुदानित तुकड्या काढून फी घेतली आहे, आणि त्यावर पक्षाच्या बैठकांत फारसे बोलले जात नाही. ते आता बोलले गेले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी सुरुवात आपल्या तालुक्यापासून करावी. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला गेल्या वर्षी किती महिन्यांचे मानधन मिळाले, एकेका तुकडीची फी किती आणि शिष्यवृत्तीची रक्कम कधी जमा झाली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. खाजगी विद्यापीठाला दिलेल्या जमिनीचा तपशील तहसील कार्यालयात मिळतो. अधिसभेची पदवीधर नोंदणी बहुतेक ठिकाणी संस्थाचालकांचे कारकून करतात. ती पक्षाच्या शाखांनी हाती घ्यावी, आणि पहिल्या पिढीतील पदवीधरांची नावे तिच्यात आधी घालावीत.