परसातला पहिला वाफा

भगिनींनो, परसबाग प्रथमच करीत असाल, तर न्हाणीजवळ दहा फूट लांब-रुंद एवढीच जागा धरा. आपल्या बुलढाण्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ. जास्त लावाल तर सगळेच वाळेल. शेवगा, पपई उत्तरेच्या अंगाला लावा, म्हणजे हिवाळ्यात वाफ्यांवर सावली येणार नाही. वाल, दोडका कुंपणावर चढवा.

एक मात्र बजावतो. वांग्यावर मावा दिसला की घरधनी कपाशीचे उरलेले औषध इकडेच मारतात. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे. ती वांगी लेकरांच्याच ताटात येतात ना? त्याऐवजी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, दहा लिटर पाणी करा आणि थोडा साबणचुरा घालून सायंकाळी फवारा. निंबोळ्या मृगात वेचून ठेवाव्या लागतात.