निविदा निघण्याआधीच फाईल तयार ठेवा

चंद्रपूर-गडचिरोलीत कामांना तोटा नाही. वेकोलिच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, भद्रावतीचा आयुध कारखाना, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, वन विभाग. वर्षभर कुठली ना कुठली निविदा सुरूच असते. तरी आपली मजूर सहकारी संस्था, बचत गट किंवा नुकताच नोंदणी केलेला तरुण अभियंता मागे पडतो, आणि पुष्कळदा तो दरामुळे नव्हे. तांत्रिक लिफाफा उघडतो, त्यात मुदत संपलेला एखादा दाखला सापडतो, आणि दराचा लिफाफा उघडतच नाही. मेहनत करणाऱ्या माणसाचं काम असं कागदावरून जावं, याचं मला फार वाईट वाटतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

रोवणीच्या दिवशी कुणी पऱ्हे टाकायला निघत नाही. निविदेची फाईलही आधीच तयार असायला हवी.

पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र हे कागद सहसा बदलत नाहीत. ते एकदाच नीट स्कॅन करा. उलाढालीचा दाखला, आयकर विवरण, लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी नवे लागतात. सीएचा दाखला घेताना त्यावर यूडीआयएन क्रमांक आहे ना, ते तिथेच पाहून घ्या. फाईलच्या नावातच कागदाचं नाव आणि मुदतीची तारीख लिहा. डिजिटल सहीची मुदतही याच यादीत टाका. ती नेमकी शेवटच्या दिवशी संपलेली आढळते. महाटेंडर्सवर लॉगिन केल्यावर ‘माय स्पेस’ नावाची जागा मिळते. नेहमीचे कागद तिथे एकदा चढवले की पुढच्या निविदेला तिथूनच जोडता येतात. दर वेळी सायबर कॅफेत बसून तेच कागद पुन्हा चढवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र काम पूर्णत्वाच्या दाखल्याकडे द्या. अनुभव त्याच्यावरच सिद्ध होतो, आणि तोच आपण मागायचा विसरतो. बिल निघालं की काम संपलं असं वाटतं. दोन वर्षांनी दाखला हवा असतो तेव्हा साहेबांची बदली झालेली असते आणि जुनी नोंद शोधायला कुणाला सवड नसते. म्हणून अंतिम बिलाबरोबरच दाखला मागा. ‘काम समाधानकारक केले’ एवढ्या एका ओळीचा दाखला बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्यावर कामाचं पूर्ण नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व तारीख, कामाची रक्कम, काम सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, सही, पदनाम आणि जावक क्रमांक हवा. त्याच आठवड्यात कामाचं पाच-सहा ओळींत वर्णन लिहून ठेवा: कुठे केलं, किती मजूर होते, कोणती यंत्रं वापरली, पावसात अडचण आली ती कशी सोडवली. साइटचे दोन फोटो जोडा. पुढच्या प्रत्येक निविदेत हा मजकूर कामी येतो.

जुना मजकूर वापरताना एक धोका असतो. मागच्या निविदेतलं खात्याचं नाव नव्या अर्जात तसंच राहून जातं. म्हणून मूळ प्रतीत कार्यालयाचं नाव, निविदा क्रमांक, तारीख या जागा कोऱ्याच ठेवा. शपथपत्र मात्र दर वेळी नवंच करा.

वेकोलि किंवा आयुध कारखान्याला माल वा सेवा देणाऱ्यांनी २०१२ चा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा केंद्रीय खरेदी आदेश जरूर समजून घ्यावा. पात्र उद्योगांना निविदा संच मोफत मिळतो, बयाणा रक्कम माफ होते. वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के अशा उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. आपल्या भागातल्या आदिवासी भगिनींनी हा हक्क सोडू नये. उद्यम नोंदणी आणि जातीचा दाखला एकाच ठिकाणी ठेवा. बांधकामाच्या कंत्राटांना ही सवलत लागू नाही, हेही लक्षात असू द्या.

ग्रामसभांनाही माझं हेच सांगणं आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आज आपल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्यासाठी स्वतः दर मागवतात. म्हणजे इथे अटी लिहिणारे आपणच. जाहिरात, अटी-शर्ती, ठराव आणि करारनामा यांचा कोरा नमुना ठेवा, आणि हंगाम संपला की ठेकेदाराशी कुठे खटका उडाला ते त्याच नमुन्यात सुधारून घ्या. मानक गोणीत १,००० पुडकी आणि पुडक्यात ७० पानं, पैसे किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखेला, हे करारात अक्षरी लिहा.

आणि पावसाळ्याचा विचार करा. पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो, वीज आणि नेटवर्कही जातं. निविदेची वेळ संकेतस्थळाच्या सर्व्हरवरच्या घड्याळानेच मोजली जाते. तयार फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन आलापल्लीत किंवा गडचिरोलीत विश्वासू माणसाकडे ठेवा, आणि निविदा मुदतीच्या दोन दिवस आधीच भरून टाका.